खाडीचे पाणी नको, गाळ तपासा

महोदय,

ठाणे किंवा उल्हास खाडीच्या पाण्याचा तपासणी अहवाल आला की त्यात 'शिसे : आढळले नाही', 'पारा : आढळला नाही' अशा नोंदी असतात आणि विषय तिथेच मिटतो. या नोंदींचा अर्थ वाचकांनी नीट समजून घ्यायला हवा.

खाडीच्या पाण्यात भरतीच्या वेळी लिटरमागे तीसेक ग्रॅम मीठ असते आणि विरघळलेले शिसे मायक्रोग्रॅममध्ये. धातूंचे अणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राला एवढे मीठ सोसत नाही, म्हणून नमुना दहापट किंवा अधिक पातळ करतात. ज्या प्रमाणाखालचे यंत्राला दिसत नाही, ते प्रमाणही मग तितक्याच पटीने वर सरकते. आर्सेनिकचे तर उलटेच: मिठातला क्लोरीन यंत्रातल्या आर्गॉन वायूशी जुळून आर्सेनिकच्याच ७५ वस्तुमानावर खोटा संकेत देतो. पारा साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवला तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातला काही बाटलीला चिकटतो, काही उडून जातो. तेव्हा मापनाची खालची मर्यादा न छापता 'आढळले नाही' लिहिणे ही नागरिकांची दिशाभूल आहे.

शिवाय पाण्यात शोधायचे तरी किती? नदीचे गोडे पाणी खाऱ्याला भेटते तिथे चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना धरून जड होतात आणि तळाशी बसतात. शिसे, तांबे, पारा त्या कणांना चिकटूनच आलेले असतात. ओहोटीने थोडा गाळ बाहेर जातो, पुढची भरती त्यातला बराच परत आणते, आणि तिवरांच्या मुळांत तो कायमचा अडकतो. तरीही पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांत शिशाची मर्यादा नदीत सोडायच्या सांडपाण्याला लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यात सोडायच्या सांडपाण्याला २ मिलिग्रॅम आहे. समुद्र सगळे पोटात घेईल, या भरवशावर दिलेली ही वीसपट सूट चिंचोळ्या खाडीला लागू करणे चुकीचेच आहे.

गाळ तपासतानाही शिस्त हवी. नमुना घेणाऱ्या यंत्राच्या लोखंडी कडेला लागलेला चिखल सोडून मधला, वरचा दोन सेंटिमीटरचा थर प्लॅस्टिकच्या चमच्याने घ्यावा. तो ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून घ्यावा, नाहीतर रेताड जागा उगाच स्वच्छ दिसते. धातूंसोबत ॲल्युमिनियमही मोजावे, म्हणजे चिकणमातीचे प्रमाण कळते. आपल्याकडचा गाळ मुळात सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा. त्यात तांबे, निकेल, क्रोमियम निसर्गतःच जास्त असतात. जागतिक सरासरीशी तुलना केली तर गाव नसलेल्या ठिकाणीही प्रदूषण दिसेल. त्यासाठी मीटरभर खोल नळी रोवून उभा नमुना काढावा आणि शिसे-२१० (काळानुसार ठरावीक वेगाने घटत जाणारे नैसर्गिक किरणोत्सारी शिसे) वरून थरांचे वय ठरवावे. कारखान्यांपूर्वीचा तळाचा थर हीच त्या खाडीची खरी तुलना.

कॅडमियमचा अंदाज मात्र एकटा गाळ तपासूनही येत नाही. खारटपणा वाढला की ते क्लोराइडशी जुळते आणि कणांवरून सुटून पुन्हा पाण्यात येते. त्याचा माग कालव या शिंपल्यांत लागतो, कारण कालवे दिवसभर पाणी गाळत एका जागी बसलेली असतात. एकाच आकाराची कालवे घ्यावीत, स्वच्छ खाऱ्या पाण्यात एक दिवस ठेवून त्यांच्या पोटातला चिखल निघू द्यावा आणि मगच मांस तपासावे.

सर्वात मोठा धोका गाळ उपसताना आहे. प्राणवायू नसलेल्या काळ्या, कुजक्या वासाच्या चिखलात धातू गंधकाशी बांधलेले असतात. तो ढवळून हवा लागली की ही बांधणी सुटते. त्याच चिखलातले जिवाणू पाऱ्याचे मिथिल पारा, म्हणजे प्राण्यांच्या शरीरात साठत जाणारे विषारी रूप, करतात. तो निवट्या, बोई या लहान माशांतून त्यांना खाणाऱ्या जिताड्यापर्यंत वाढत जातो. जपानमध्ये मिनामाता इथे कारखान्याने पारा सोडणे १९६८मध्ये थांबवले, पण उपसागरातला विषारी गाळ काढून भराव टाकून बंद करण्याचे काम १९७७ ते १९९० चालले.

म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे आणि नोव्हेंबरमध्ये गाळ व कालवांची तपासणी करावी आणि प्रत्येक आकड्यापुढे मापनमर्यादा छापावी. जेट्टी किंवा जलमार्गासाठी खाडी उपसायची असेल, तर निविदा काढण्याआधीच उभ्या नमुन्याचा अहवाल कोळीवाड्यांच्या हाती मराठीत द्यावा.

– सागरी रसायनशास्त्राचे काही अभ्यासक, ठाणे