कॅपचं नाव सांगता, मग सिमेंटचंही लिहून द्या

मा. संपादक,

कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत कुठंही बघा, दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर झिर्कोनिया कॅप, सिरॅमिक कॅप, इतक्या वर्षांची वॉरंटी हे सगळं मोठ्या अक्षरात असतं, पण ती कॅप दाताला कशाने चिकटवणार ते कुठंच नसतं आणि आपण पेशंट लोकही विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की कॅप बसवली की पेशंटच्या कार्डावर सिमेंटचं नाव लिहून द्यावं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या आईच्या दाढेची कॅप जेवताना निघून हातात आली. कॅपला साधा ओरखडा नाही, आतलं सिमेंट मात्र कडेने धुपून गेलेलं, पिवळट थर, कुबट वास, आणि खालचा दात काळा पडून मऊ झालेला. रूट कॅनल झालेला दात, त्यामुळे दुखलाच नाही, मग कळणार कसं? दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं आधी कुठलं सिमेंट होतं, तर जुन्या कार्डावर फक्त 'कॅप फिक्स' आणि रक्कम!

आता सिमेंट सिमेंटमध्ये फरक किती ते बघा. झिंक फॉस्फेट शंभरहून जास्त वर्षं वापरात आहे, पण ते दाताला चिकटत नाही, नुसतं खाचाखळग्यांत अडकून बसतं आणि आम्लाने हळूहळू विरघळतं. विल्सन आणि केंट यांनी 1972 मध्ये मांडलेलं ग्लास आयोनोमर दातातल्या कॅल्शियमशी थेट बंध करतं, वर फ्लोराइडही सोडतं, फक्त सेट होताना लाळ लागली की कमजोर पडतं. रेझिन सिमेंट ताकदीला भारी, तोंडात जवळजवळ विरघळत नाही, पण घट्ट होताना आकसतं, आणि तात्पुरती कॅप त्या लवंगेच्या वासाच्या सिमेंटने लावली असेल अन् ते नीट साफ केलं नाही तर हे महागडं रेझिनही धड सेट होत नाही. झिंक फॉस्फेट, ग्लास आयोनोमर अशा पाणी असलेल्या सिमेंटचा थर जास्तीत जास्त 25 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असावा असं आयएसओ मानक आहे, आणि बॅक्टेरिया असतात साधारण एका मायक्रॉनचे, म्हणजे तेवढं सिमेंट धुपलं की त्यांच्यासाठी तो मुंबई-आग्रा हायवेच.

सगळ्यांना रेझिनच लावा असं मी म्हणत नाही. कड हिरडीखाली गेली असेल, जागा कोरडी राहत नसेल तर काय लावायचं ते डॉक्टरच ठरवणार, त्यात आपण नाक खुपसू नये. पण जे लावलं ते लिहायला काय जातं? प्रकार, कंपनी, तारीख, एक ओळ पुरे, नाव तर बॉक्सवर छापलेलंच असतं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात आहे, त्यांनी डेंटल कॉलेजांच्या ओपीडी कार्डावर ही ओळ आधी टाकावी, खाजगीवाल्यांना मग पेशंटच विचारतील.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक