रिमोटच्या गाड्यांचा पट : बक्षीस मागाहून, आधी नियम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर आमच्या भागातल्या यात्रेत झालेल्या रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीची बातमी वाचली. फोटो झकास आला आहे. बातमीत या गाड्यांना खेळणी म्हटलंय, त्याचं मला काही वाटलं नाही, आमच्या घरीही तोच शब्द चालतो. पण पुढच्या वर्षी पहिलं बक्षीस दुप्पट करणार, असं आयोजकांनी सांगितल्याचं शेवटी छापलंय. त्यावर लिहिल्यावाचून राहवेना. मंडळाजवळ जास्तीचा पैसा असेल तर तो आधी मैदानावर, माणसांवर आणि वाळूच्या चार बादल्यांवर खर्च व्हावा.

माझं दारव्हा तालुक्यात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. कास्तकारांच्या विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी भरून देणं हा धंदा, आणि या गाड्यांचा नाद. त्या शर्यतीत आम्हीही होतो. गाडी माझी भाची चालवते, अकरावीत आहे, पाना-पेचकस माझ्याकडे. गाडी १/१० मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश, बग्गी, वजन साधारण दीड किलो, ताशी ४०च्या आसपास पळते. याच मापाच्या विजेवरच्या ऑफ-रोड गाड्यांची जागतिक स्पर्धा ‘इफमार’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९८५ पासून घेत आली आहे. तिथे पात्रता फेऱ्या पाच-पाच मिनिटांच्या असतात. अव्वल गटाची अंतिम शर्यत तीनदा पळवतात आणि प्रत्येकाच्या उत्तम दोन धरतात.

आपल्याकडे झालं ते असं : दोन-दोन गाड्या सोडायच्या, हरला तो घरी. ही पद्धत सरळ शंकरपटातून, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतून उचललेली. मी स्वतः पटाचा शौकीन आहे, तळेगाव दशासरचा पट पाहिलेला माणूस आहे. पण बैलजोडी दिवसभर पुन्हा पुन्हा पळवणं पाप आहे, म्हणून तिथे काही सेकंदांत निकाल लागतो ते ठीक. गाडीची बॅटरी बदलली की ती पुन्हा तयार! मग सगळ्यांना निदान तीन फेऱ्या द्यायला काय हरकत होती? लांबून आलेली पोरं पहिल्याच वळणावर गाडी उलटली म्हणून सकाळी दहालाच मोकळी झाली आणि दिवसभर खारे दाणे खात बसली.

आता मैदान. जागा ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरान, काळी माती. आमच्या काळ्या मातीचं मी नवीन काय सांगू. वाळली की भेगा, भिजली की चिकट. आदल्या रात्री टँकरने पाणी मारलं ते इतकं, की सकाळी चाकांना चिखलाचे लाडू बांधले जात होते. टायरच्या दाण्यांमधली जागाच बुजली, मग पकड कशी राहणार? दुपारी तीच जमीन वाळून वर पिठासारखी धूळ आणि खाली भेगा. एका दिवसात दोन मैदानं झाली. बोटभर मुरूम पसरून, बेताचं पाणी देऊन रोलर फिरवला असता तर दिवस निघाला असता. रोलर कुठून आणायचा असं कोणी म्हणू नये, पांदण रस्त्याच्या कामावर तो त्याच आठवड्यात उभा होता.

कडेला हद्द म्हणून चुना लावलेले धोंडे मांडले होते. आमच्या गाडीचा पुढचा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, त्यातल्याच एकाने मोडला. बाकीच्या जगात हद्दीला नालीदार प्लॅस्टिकचे पाइप टाकतात, गाडी आदळली तरी घसरून पुढे जाते. आपल्याकडे तुषार सिंचनाचे काळे पाइप दर दुसऱ्या वावरात पडून असतात. ते मागितले असते तर कोणी नाही म्हटलं नसतं.

या गाड्यांवर घरी काय मेहनत होते ते बातमीत कुठेच नाही, म्हणून थोडं सांगतो. पिनियन आणि स्पर हे दोन दातेरी चक्र किती जवळ बसवायचे, हे आम्ही वहीच्या कागदाच्या पट्टीवर ठरवतो. पट्टी मधे घालून मोटारीचे स्क्रू आवळायचे, मग चक्र फिरवून ती बाहेर काढायची. सुरकुतली पण फाटली नाही तर फट बरोबर. फाटली तर मोटार कण्हते आणि तापते. तापणं हा माझ्या धंद्यातला विषय. ब्रशलेस, म्हणजे बिनब्रशच्या मोटारीच्या रोटरवर, फिरत्या भागावर, निओडिमियमचं चुंबक असतं. साध्या प्रतीच्या चुंबकाची ताकद ८० अंशांपुढे कायमची घटायला लागते. म्हणून फेरी संपली की मोटारीवर तापमापक धरायचा. त्यासाठी कारखान्यातला तापमापक लागतो. कोरोनात आणलेलं कपाळाचं यंत्र इथे कामाचं नाही, ते माणसाच्या तापापुढे जातच नाही.

शॉकॲब्सॉर्बरमध्ये सिलिकॉनचं तेल असतं. जानेवारीत सकाळी हात गारठतात आणि दुपारी शर्ट भिजतो. त्याच तेलाने सकाळी ताठ असलेली गाडी दुपारी मऊ पडते आणि उडीवरून उतरली की पोट टेकवते. आम्ही जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली बसून चारही शॉक उघडले, घट्ट तेल भरलं, पिस्टन हळूहळू वरखाली करून बुडबुडे निघू दिले. शेजारच्या पोरांना वाटलं, गाडी बिघडली. बेअरिंगमधली धूळ पंक्चरवाल्याच्या हवेने काढतात पुष्कळ जण. हवा थेट बेअरिंगवर मारू नका एवढं सांगतो, धूळ निघण्याऐवजी आत जाऊन बसते. ब्रशने झाडलेलं बरं.

चालवणाऱ्याचं कसब उडीवर दिसतं. गाडी हवेत असताना तोंड वर उचललं गेलं तर ब्रेक दाबायचा, खाली जायला लागलं तर ॲक्सिलरेटर. फिरती चाकं एकदम थांबली किंवा जोरात फिरली की त्याचा उलटा धक्का गाडीच्या अंगाला बसतो आणि तोंड खाली किंवा वर येतं. हे सगळं क्षणात करायचं असतं. दुसऱ्या उडीवर भाची ओरडली, “मामा, गाडी नाक टाकून राहिली!” आणि ओरडता ओरडताच तिने बोट दाबून गाडी चारही चाकांवर उतरवली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, इतर चालकांच्या कोंडाळ्यात उभी राहून. ट्रॉलीची कल्पना मात्र उत्तम होती, उंचावरून सगळं मैदान दिसतं. ज्याला सुचली त्याचं कौतुक.

पण त्या ट्रॉलीवर एकाच्या हाती ५४० आकाराची साधी ब्रशवाली मोटार आणि दोन सेलची बॅटरी, म्हणजे ७.४ व्होल्ट, अन् शेजारच्याकडे तीन सेलवरची ब्रशलेस, ११.१ व्होल्ट. सरळ रस्त्यावर यात शर्यत उरतच नाही. ज्याच्या बापाने महाग गाडी घेऊन दिली तो जिंकतो आणि आपण बक्षीस दुप्पट करून त्याचीच पाठ थोपटतो. दोन गट करा. एका गटात सगळ्यांना ५४० ब्रश मोटार, दोन सेल आणि एकाच नमुन्याचे टायर बंधनकारक. दुसरा गट खुला. मग पहिल्या गटात जो हरेल तो तयारीत हरेल. आतल्या तारेचे वेढे बदललेली मोटार कोणी आणली तर ती मी हातात घेऊन ओळखेन, हे जरा फुशारकीचं वाटेल, पण धंदाच तो आहे.

आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसलो ते. चार्जिंगची सोय एका गोठ्यात केली होती. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्जर लावलेले, त्यात वावगं काही नाही, बारा व्होल्टवर चालणारे चार्जर मिळतात. पण त्याच गोठ्यात, हाताच्या अंतरावर, भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेला कापूस होता. या गाड्यांच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढे रेटला, किंवा आदळून पिचकलेला सेल चार्जिंगला लावला, तर तो फुगतो आणि पेटू शकतो. पेटल्यावर सहजी आवरत नाही. उघड्यावर वाळूत टाकून जळू द्यावा लागतो. कापसाच्या ढिगाशेजारी दहा-बारा बॅटऱ्या, वाळूची एक बादली नाही, आणि दारात बिडी ओढणारे बघे. वर्षाचं पीक आणि बांधलेली जनावरं, दोन्ही गेली असती. काही झालं नाही हे गावाचं नशीब.

तसंच एका गाडीचा सिग्नल तुटला आणि ती सुसाट जाऊन भज्यांच्या हातगाडीखाली शिरली. लोक हसले. वर कढईत तेल उकळत होतं. रिसीव्हरला फेलसेफ असतो. सिग्नल गेला की गाडी थांबली पाहिजे. तो लावलाय का हे बघायला अर्धा मिनिट पुरतो : चाकं अधांतरी धरायची, ॲक्सिलरेटर थोडा दाबून रिमोट बंद करायचा, चाकं थांबली तर प्रवेश, नाहीतर घरी. बैलगाडा शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी आणली, २०२१च्या डिसेंबरात अटींवर परवानगी दिली आणि २०२३ मध्ये राज्याचा कायदा उचलून धरला. आता पटाआधी बैलांची पशुवैद्यक तपासणी होते आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. मग दीड किलोची गाडी गर्दीत सोडण्याआधी का तपासू नये?

उलटलेली गाडी सरळ करायला मैदानात बघ्यांतली पोरं धावत होती, दुसरी गाडी अंगावर येत असताना. इतर ठिकाणी साधा नियम आहे : तुमची फेरी संपली की पुढच्या फेरीला तुम्ही वळणावर मार्शल म्हणून उभं राहायचं. नाही राहिलात तर तुमचा निकाल कापतात. याला एक रुपया लागत नाही.

चकरा मोजायला दोन गुरुजी वहीवर रेघा ओढत होते. त्यांनी जीव तोडून काम केलं, तरी शेवटी वाद झालाच. चकरा आपोआप मोजायला गाडीत ट्रान्सपॉन्डर (खुणेचा सिग्नल देणारं यंत्र) आणि जमिनीखाली तारेचा लूप ही महागाची गोष्ट आहे, ती आत्ता मागत नाही. रेषेवर तिवईला एक मोबाइल लावून चित्रण करा, वाद झाला की सगळ्यांसमोर बघा.

मंडळाचं नाव मी मुद्दाम घेतलेलं नाही. त्यांनी हौसेने, पदरमोड करून हे उभं केलं. विनंती एवढीच की गट, मोटार, सेल आणि टायरचे नियम दिवाळीच्या आधी जाहीर व्हावेत आणि आपल्या दैनिकाने ते छापावेत. आमच्याकडे सुट्या भागांचं पार्सल वेळेवर येत नाही, आणि सोयाबीनचे पैसे हातात असतात तेव्हाच पोरांना घरून काही मिळण्याची आशा असते. तपासणीच्या टेबलावर बसायला मी येईन, मानधन नको. चार्जिंगचा मंडप मात्र गोठ्यापासून लांब, धुऱ्याच्या पलीकडे घाला.

आपला,
एक मोटार वाइंडिंगवाला
ता. दारव्हा, जि. यवतमाळ