फार्मासिस्टांच्या संघटनेने सभासदांनाही टोकावे

महोदय,

फार्मासिस्टांची राष्ट्रीय संघटना म्हटले की अनेकांना मोर्चा, निवेदन आणि बंदची हाक एवढेच आठवते. खरे तर ते काम दुकानमालकांच्या संघटनेचे. नफ्याचे प्रमाण, परवाने, कर यांवर तिने जरूर भांडावे. व्यावसायिक संघटनेला मात्र कधीकधी स्वतःच्या सभासदांना न रुचणारी गोष्ट सांगावी लागते आणि माझ्या मते तिची पारख तिथेच होते.

अमेरिकेतील राष्ट्रीय संघटना 1852 मध्ये फिलाडेल्फियात उभी राहिली, ती परदेशातून येणाऱ्या भेसळयुक्त औषधांच्या चिंतेतून. याच संघटनेने 1971 मध्ये आपल्याच लोकांना सुनावले की औषधांच्या दुकानात सिगारेटी मांडून ठेवणे आरोग्यसेवेशी विसंगत आहे. विक्री पुढेही चालूच राहिली. सीव्हीएससारख्या बड्या साखळीने तंबाखू विकणे थांबवले ते थेट 2014 मध्ये! संघटनेच्या हाती सक्तीचा अधिकार नव्हता.

तो नसावाच, असे मी म्हणेन. ब्रिटनमध्ये 1841 साली स्थापन झालेली सोसायटी दीर्घकाळ फार्मासिस्टांची नोंदणी आणि शिस्तभंगाची कारवाईही करत असे. 2010 मध्ये ते काम स्वतंत्र परिषदेकडे गेले. वकील आणि न्यायाधीश एकाच घरातले नकोत, हा त्यातला साधा विचार.

शिक्षेचा अधिकार नसण्याचा एक मोठा फायदा सहसा बोलला जात नाही. हायड्रॉक्सिझिन खाजेवर देतात, हायड्रालाझिन रक्तदाबावर. घाईच्या वेळी एकाऐवजी दुसरे हातात येऊ शकते. एकसारख्या वेष्टनांचीही तीच गत. अशी गफलत झालेला माणूस नियामकापुढे तोंड उघडायला कचरतो, कारण नोंदणीच जाण्याची भीती असते. संघटनेला मात्र तो नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर सगळे सांगू शकतो. मग वेष्टन बदला म्हणून कंपनीकडे, एका पाळीत किती चिठ्ठ्या हाताळायच्या याची मर्यादा ठरवा म्हणून मालकांकडे संघटनेने पुराव्यासह जायचे. एकट्या नोकरदार फार्मासिस्टाला हे जमणार नाही. त्याला उद्या पुन्हा त्याच मालकाकडे कामाला जायचे असते.

या नोंदी संघटनेने दरवर्षी, माणसांची नावे वगळून, सर्वांसमोर ठेवाव्यात. वार्षिक अधिवेशनातही त्यांवर चर्चा व्हावी. त्यापायी सत्काराचे दोन-चार कार्यक्रम गाळावे लागले, तर कोणत्याही रुग्णाची तक्रार असणार नाही.

– एक निवृत्त फार्मासिस्ट