पदराला साखर बांधून फिरणाऱ्या मावशींना

मावशी, मोबाईलवर एवढं वाचायचा तुम्हाला कंटाळा येतो हे माहितीये, नातवाकडून वाचून घ्या. तोंडावर बोलायला गेले की मला रडू येतं म्हणून लिहितेय.

चिऊला टाईप वन डायबेटीस झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. सारखं पाणी पाणी करायची, रात्री अंथरूण ओलं व्हायचं, वजन उतरत चाललेलं, आणि आधीचे डॉक्टर म्हणत होते जंत असतील. उलट्या सुरू होऊन धाप लागली तेव्हा कुठे कुणीतरी शुगर तपासली आणि मग थेट आयसीयू. पाहुण्यांनी मलाच धारेवर धरलं, गोड फार भरवलं म्हणे. अहो गोड खाऊन नाही होत हा, शरीर स्वतःच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं, त्यात आईचा काय दोष! पण कुणाकुणाला सांगत बसणार.

आधीच्या शाळेने तर हातच वर केले. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची, एवढंच. सीबीएसईची शाळा होती ती, आणि सीबीएसईने २०१७ सालीच टाईप वनच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत गोड गोळ्या, फळं, पाणी जवळ ठेवायची परवानगी दिलीये, तरी यांना वर्गात बिस्किटाचा पुडा चालत नव्हता.

तुमच्या शाळेत पहिल्या दिवशी मी बाईंना समजावत होते, शुगर सत्तरच्या खाली गेली की लगेच साखर, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं. तुम्ही मागे फरशी पुसत होतात. मला वाटलं तुमचं लक्षही नाही. जाताना गेटवर थांबवून विचारलंत, "साखर किती ओ ताई, चमच्यात सांगा." तीन चमचे म्हटलं. दुसऱ्या दिवशी पदराची गाठ सोडून दाखवलीत, आत प्लास्टिकची छोटी पुडी. "मोजून बांधलीय. कपाटाची किल्ली शोधत कोण बसंल?"

मावशी, त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी नीट झोपले.

पीटीच्या तासाला ती पांढरीफटक पडली, घामाघूम, पाय लटपटत होते, मीटरवर ५४. कुणीतरी म्हणालं शुगरच्या पोरीला साखर काय देताय, आणि तुम्ही त्यांना बाजूला सारून गाठ सोडलीत. मी पोचेपर्यंत ९२ झाली होती. चिऊ तुमच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली, तुम्ही पदराने तिची मान पुसत होतात, आणि पदराच्या त्या टोकाला चुरगळलेली रिकामी पुडी. ती पुडी मी घरी आणलीये, फ्रीजच्या दारात इन्शुलिनच्या शेजारी ठेवलीये.

डॉक्टर लागतात, इन्शुलिन तर रोज लागतं, त्याशिवाय माझं लेकरू जगणार नाही. पण आपण घरी असताना लेकरावर कुणाचं तरी लक्ष आहे, हे कुठल्या मेडिकलमध्ये मिळतं? शिकलेल्या माणसांनी मला नियम दाखवले, तुम्ही फक्त चमचे विचारलेत.

मागच्या आठवड्यात तुम्ही भाचीच्या लग्नाला गावी गेलात आणि माझ्या पोटात गोळा आला, आता चार दिवस कसं व्हायचं. सकाळी गेटवर बदलीच्या मावशी उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच पदर पुढे केला.

"चिऊची आई ना तुम्ही? तीनच चमचे ना ओ?"