नाव वेगळं, पत्ता वेगळा: एका अनोळखी मदतनिसाचे आभार

सप्रेम नमस्कार,

तुमचा पॅच (दुरुस्तीचा कोड) आला तेव्हा मी ‘धन्यवाद, पॅच घेतला’ एवढंच उत्तर धाडलं होतं. तुमच्या तीन आठवड्यांच्या खटपटीला माझे तीन शब्द. ते तेव्हापासून टोचतंय, म्हणून हे सविस्तर पत्र. आणि ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही आमच्याकडे जो घोळ निस्तरलात तो इतरही बऱ्याच लहान प्रकल्पांनी घालून ठेवलेला असणार.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? एक्सएसडी फाइल, म्हणजे एक्सएमएल फाइलीत काय कसं असावं याचे नियम सांगणारा ‘स्कीमा’, साइटवर ठेवणं हे मला पाच मिनिटांचं काम वाटायचं. फाइल चढवायची, दुवा द्यायचा, झालं. आमच्या सॉफ्टवेअरची सेटिंग एक्सएमएल या खुणांनी मांडलेल्या मजकुरात असते आणि प्रत्येक सेटिंग फाइलीच्या डोक्यावर ‘स्कीमालोकेशन’मध्ये स्कीमा जिथे मिळतो तो आमच्या साइटचा पत्ता असतो. साइट नव्या होस्टिंगवर नेली, एचटीटीपीएस (एचटीटीपीचा सुरक्षित अवतार) चालू केलं, जुन्या सगळ्या दुव्यांना रीडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे वळवणारी सूचना) लावलं आणि मी समाधानाने झोपलो. दोन दिवसांत तक्रारी सुरू झाल्या: बिल्ड (सॉफ्टवेअरची बांधणी) अडतंय, दुसऱ्याच ओळीवर एरर येते, मूळ घटकाची व्याख्याच सापडत नाही म्हणते. मी ब्राउझरमध्ये फाइल उघडून पाहिली, व्यवस्थित दिसली. मग मी सगळ्यांना एकच उत्तर चिकटवत सुटलो, ‘तुमचं नेटवर्क तपासा.’

तुमचा पहिला ई-मेल त्याच गर्दीत आला. त्यालाही मी अकरा दिवस उत्तर दिलं नाही, आणि दिलं तेही हेच. दुसरा कुणी असता तर तिथेच नाद सोडला असता. तुम्ही उलट एक कमांड आणि तिचं आउटपुट पाठवलंत, आणि खाली एक ओळ: ‘ब्राउझरने नको, पार्सर मागतो तसं मागून पाहा.’ पार्सर म्हणजे एक्सएमएल वाचून तपासणारा प्रोग्रॅम.

तेव्हा कळलं घोडं कुठे पेंड खात होतं. जावा भाषेतली जुनी एचटीटीपी-यूआरएल-कनेक्शन ही क्लास (पार्सरसाठी वेबवरून फाइल मागणारा कोड) रीडायरेक्ट पाळते, पण एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर जायला सांगितलं तर पाळत नाही. प्रोटोकॉल बदलला की ती जागच्या जागी थांबते. पार्सरच्या हाती स्कीमाऐवजी ‘पत्ता बदलला आहे’ सांगणारं रिकामं उत्तर येतं. स्कीमा वाचता आला नाही याची तो फक्त सूचना देतो, ती लॉगमध्ये कुठेतरी वर वाहून जाते. खरी एरर पडते ती वापरणाऱ्याच्या फाइलीतल्या पहिल्या घटकावर. चूक आमच्या सर्व्हरची आणि बोट त्या बिचाऱ्याच्या फाइलीकडे! कितीजणांनी आपल्याच फाइलीतले कंस मोजत रात्र काढली असेल कोण जाणे.

यानंतर मी केलेला पराक्रम तुम्हाला आठवत असेलच. शोधा-आणि-बदला चालवून सगळीकडे ‘एचटीटीपी’चं ‘एचटीटीपीएस’ केलं, स्कीमातल्या ‘टार्गेटनेमस्पेस’सकट. आगीतून फुफाट्यात. नेमस्पेस म्हणजे स्कीमातल्या शब्दसंग्रहाची ओळख, आणि तिची तुलना अक्षराला अक्षर लावून होते. एक ‘एस’ वाढला की संगणकाच्या लेखी ती वेगळीच भाषा, आणि वापरणाऱ्यांच्या जुन्या सगळ्या फाइली एका फटक्यात परक्या. तुम्ही ते कमिट (नोंदवलेला बदल) रिलीजच्या आदल्या संध्याकाळी पाहिलंत आणि लिहिलंत की नेमस्पेस हे नाव आहे आणि स्कीमालोकेशन हा पत्ता आहे. नाव यूआरएलसारखं दिसतं म्हणून त्या जागी काही असायलाच हवं असं नाही. घर बदललं म्हणून कुणी बारसं पुन्हा करत नाही.

दाखला म्हणून तुम्ही वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचाच नेमस्पेस दाखवलात. एक्सएमएल स्कीमाची पहिली शिफारस २००१ सालची. नेमस्पेसमधलं ते साल आणि साधं ‘एचटीटीपी’ आजही जगातल्या प्रत्येक एक्सएसडी फाइलीच्या डोक्यावर तसंच आहे. १.१ आवृत्ती २०१२ मध्ये आली, तरी नाव तेच राहिलं. ती ओळ मी वर्षानुवर्षं नकलून चिकटवत होतो. ती तशी का आहे, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही, याची खरं तर लाजच वाटली.

मग रीडायरेक्टचा प्रश्न सुटल्यावर दुसरा निघाला. मुख्य स्कीमा उतरू लागला, पण त्याने ‘इन्क्लूड’ केलेली, म्हणजे सोबत जोडून घेतलेली, प्रकारांची फाइल मिळेना. त्याची कारणं दोन, दोन्ही बावळट. रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ती फाइल शेजारच्या फोल्डरमध्ये होती आणि साइटवर मी सगळ्या फाइली एकाच ठिकाणी ओतल्या होत्या. शिवाय फाइलीच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल, ‘इन्क्लूड’मध्ये मात्र स्मॉल. माझ्या लॅपटॉपला त्याने फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो. हे तुम्ही कसलाही शेरा न मारता दुरुस्त केलंत. (मी मारला असता.)

आताची मांडणी तुमचीच आहे. प्रत्येक आवृत्तीला आपला फोल्डर, आणि एकदा प्रसिद्ध झालेल्या फाइलीला हात लावायचा नाही, अगदी कॉमेंटमधली शुद्धलेखनाची चूक असली तरी. सर्व्हर एक्सएसडीला अनोळखी बाइट्सचं गाठोडं म्हणून पाठवायचा, तो आता ‘ॲप्लिकेशन/एक्सएमएल’ म्हणून पाठवतो. स्कीमांच्या फोल्डरपुरतं रीडायरेक्ट काढलं, तिथे दोन्ही प्रोटोकॉल थेट उत्तर देतात. यावर मी सुरक्षेचा मुद्दा काढून बराच वाद घातला होता. साध्या एचटीटीपीवर मधल्या मधे कुणी फाइल बदलू शकतो ही भीती खरीच आहे. तुम्ही ती उडवून लावली नाहीत, म्हणून तर पुढची गोष्ट सुचली: स्कीमा सॉफ्टवेअरच्या आतच द्यायचा आणि ओएसिस या प्रमाणसंस्थेच्या एक्सएमएल कॅटलॉगने पत्त्याची गाठ त्या आतल्या प्रतीशी घालून द्यायची, म्हणजे पार्सरला नेटवर्ककडे जायची वेळच येत नाही. स्कीमालोकेशन ही प्रमाणाच्या दृष्टीने नुसती सूचना असते, पार्सरने ती ऐकलीच पाहिजे असं नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

‘आमचा चिमुकला प्रकल्प, इतका कुठे ताण पडणार,’ असं मी म्हणालो तेव्हा तुम्ही डब्ल्यूथ्रीसीने २००८ मध्ये मांडलेलं गाऱ्हाणं पुढे केलंत. त्यांच्या सर्व्हरवर डीटीडीसारख्या, म्हणजे स्कीमाच्या आधीच्या नियमांच्या, फाइलींसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येत होत्या. वर्षानुवर्षं न बदललेली तीच फाइल तेच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा ओढत होते. आम्ही डब्ल्यूथ्रीसी नाही, हे तुम्हीच पुढे लिहिलं होतंत. पण ज्याचं बिल्ड मशीन इंटरनेटशी जोडलेलंच नाही, त्याची अडचण प्रकल्प लहान असला म्हणून लहान होत नाही. या एका वाक्यावर मी वाद सोडला.

तुमची ती कमांड आता आमच्या चाचण्यांमध्ये आहे. रोज रात्री ती प्रत्येक आवृत्तीचा स्कीमा दोन्ही प्रोटोकॉलने मागवते, रीडायरेक्ट दिसलं तर बोंब मारते आणि ‘इन्क्लूड’सकट सगळं उतरतंय का ते पाहते. आतापर्यंत दोनदा बोंबलली. दोन्ही वेळा होस्टिंगच्या सेटिंगमध्ये मीच काहीतरी हलवलं होतं.

श्रेयनामावलीत नाव नको म्हणालात, म्हणून ते इथेही लिहीत नाही. १.२ चा स्कीमा परवा चढवला. १.० आणि १.१ च्या फोल्डरांना हात लावलेला नाही. सवड मिळाली की तुमच्या पद्धतीने एकदा मागून पाहा. काही अडलंच, तर या खेपेला उत्तराला अकरा दिवस लागणार नाहीत.

आपला,
तोच, नेटवर्क तपासा म्हणणारा