डबी तीच, नाव तेच, गोळी वेगळी: बायोटिनच्या गोळीबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि गुणवत्ता नियंत्रण प्रमुख,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: बायोटिनच्या 10 मिलिग्रॅम गोळीतले घटक न कळवता बदलल्याबद्दल, आणि तुमच्या ग्राहक सेवेने माझ्या पत्नीला दिलेल्या उत्तराबद्दल

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला पाचवा फोन झाला. तो ठेवून हे पत्र लिहायला बसलो आहे. आधीच्या चारही फोनांचे तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहेत, तरी दर वेळी आम्हाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. आता लेखी देतो.

प्रश्न एकच आहे. नारिंगी डबीतल्या तुमच्या गोळीत आता मोकळं बायोटिन किती आहे? आकडा सांगा, नाहीतर माहीत नाही म्हणून सांगा. पाच फोनांत यांतलं एकही उत्तर मिळालेलं नाही.

माझी मुलगी साडेसात महिन्यांची आहे. तिला बायोटिनिडेझ या एन्झाइमची जन्मजात कमतरता आहे. अन्नातलं बरंचसं बायोटिन प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सोडवायचं आणि शरीरात एकदा वापरलेलं पुन्हा वापरात आणायचं काम हे एन्झाइम करतं. तिच्यात ते सर्वसामान्य पातळीच्या 10 टक्क्यांहूनही कमी आहे. म्हणून तिला मोकळं, न चिकटलेलं बायोटिन बाहेरून द्यावं लागतं. निरोगी तान्ह्या बाळाला दिवसाला 5 मायक्रोग्रॅम पुरतं, हिला 10 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे दोन हजार पट. रोज, आणि जन्मभर.

हे आम्हाला कळलं ते फार उशिरा. तिसऱ्या महिन्यात तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी लाल चट्टे उठले, मलमं लावून झाली. मग केस गळू लागले. टोपडं काढलं की आत केस सापडायचे, पुढे भुवयाही गेल्या. एके पहाटे झटके सुरू झाले. गडहिंग्लजहून कोल्हापूर, कोल्हापूरहून मुंबई. तिथल्या डॉक्टरांनी रक्ताचा नमुना पाठवला आणि अहवालाची वाट न बघता त्याच संध्याकाळी बायोटिन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी झटके थांबले, तेव्हा माझी आई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून रडली. दोन आठवड्यांत चट्टे गेले, आता बारीक लव येते आहे. कानांचं मात्र तसं नाही. तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. या आजारात एकदा गेलेलं ऐकणं बहुधा परत येत नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. आमच्याकडून आंबोली घाट उतरला की गोवा. तिथे सरकारने 2008 मध्येच नवजात बाळांच्या टाचेतलं रक्त तपासायची योजना सुरू केली होती. आमच्या तालुक्यात जन्मलेल्या मुलीची तशी तपासणी झाली नाही. तो दोष तुमचा नाही, आणि मी तो तुमच्यावर टाकतही नाही. एवढ्यासाठी सांगतो की या घरात गोळी चुकणं म्हणजे काय, हे तुम्हाला समजावं.

आता गोळीकडे येतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून दिलेली वस्तू आमच्या दुकानात केसांच्या तेलाशेजारच्या फळीवर मिळते. आमची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. तुमची जुनी गोळी चांगली होती, हे मी मनापासून लिहितो. पांढरी, छोटी, बिनचवीची. दोन चमच्यांमध्ये दाबली की पीठ व्हायची. बायोटिन दुधात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं, म्हणून बाटलीत घालायचं नाही असं आम्हाला शिकवलं होतं. माझी पत्नी चमचाभर अंगावरच्या दुधात ते पीठ कालवून सकाळी साडेसहाला द्यायची, मग चमचा पुन्हा थोड्या दुधाने विसळून तेही पाजायची. चार महिने हा नेम एक दिवस चुकला नाही.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या होलसेल औषध दुकानातून मी सहा डब्या एकदम आणल्या. डबी तीच, रंग तोच, नाव तेच, 10 चा आकडाही त्याच जागी. कोपऱ्यात फक्त एक 'नवीन' असा छोटा शिक्का. दुकानदाराला विचारलं तर म्हणाले, "पॅकिंग बदललंय, माल तोच आहे." त्यांनाही तुम्ही काही कळवलं नव्हतं.

आतली गोळी गुलाबी, मोठी, स्ट्रॉबेरीच्या वासाची. चमच्याने दाबली तर पीठ होईना, चिकट पापुद्रे निघू लागले. मुलगी थुंकायची. तीन दिवस आम्ही ती तशीच दिली, कारण डबीवर नाव तेच होतं. तिसऱ्या रात्री मी भिंग घेऊन मागचा मजकूर वाचला. पूर्वी तिथे एक ओळ होती, बायोटिन 10 मिलिग्रॅम. आता तिथे अगस्त्याच्या पानांचा अर्क आहे, त्यापुढे कंसात बायोटिनचा आकडा, मग बांबूचा अर्क, झिंक, सेलेनियम आणि 1000 मायक्रोग्रॅम ए जीवनसत्त्व. तान्ह्या बाळाला ए जीवनसत्त्वाची दिवसाची वरची मर्यादा 600 मायक्रोग्रॅम मानतात. ते शरीरात साठत जातं, बायोटिनसारखं लघवीवाटे निघून जात नाही.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. आमच्याकडे पोत्यातला माल बदलला तर पोत्यावरची खूण बदलते. साखर लहान दाण्याची की मोठ्या दाण्याची, एवढ्याशा फरकासाठीही शिक्का वेगळा असतो. तुमच्याकडे गोळीतलं सगळंच बदललं आणि डबी तशीच राहिली.

डॉक्टरांना रात्रीच फोन केला. त्या म्हणाल्या, ही गोळी ताबडतोब बंद करा. पानांच्या अर्कातलं बायोटिन मोकळं आहे की प्रथिनाला चिकटलेलं, हे कंपनीच सांगू शकेल. चिकटलेलं असेल तर ते या मुलीच्या कामाचं नाही. सुदैवाने याच आजाराच्या एका मुलाचे आईवडील पुण्यात आहेत. त्यांनी आपल्या साठ्यातल्या तीस जुन्या गोळ्या दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने पाठवल्या, म्हणून आमचा खाडा दोन दिवसांचाच झाला. मुलीला काही झालं नाही. पण त्या दोन रात्री आम्ही दोघं आळीपाळीने तिच्या हातापायांकडे बघत जागे होतो.

आता आजच्या फोनबद्दल. तो तुम्ही ध्वनिमुद्रित केला आहे, सुरुवातीलाच तसं सांगितलं जातं. तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नका, काढून ऐका. माझी पत्नी बोलत होती, स्पीकर चालू होता, मी शेजारी होतो. मराठीसाठी तीन दाबल्यावर अकरा मिनिटांनी एक मुलगी आली. पत्नीने तक्रार क्रमांक सांगितला.

"मॅडम, हे प्रॉडक्ट केस, त्वचा आणि नखांसाठी आहे."

"हो ताई, माहीत आहे. मला फक्त त्यातलं मोकळं बायोटिन किती ते हवं आहे. बाळाला द्यायचं आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"बाळाचं वय किती?"

"साडेसात महिने."

थोडा वेळ काही नाही. मग पलीकडे हसण्याचा आवाज. तो एकटीचा नव्हता, शेजारीही कुणी होतं.

"मॅडम, एवढ्या लहान बाळाच्या केसांसाठी गोळ्या कशाला देता? आपोआप येतात. जावळ काढा, दाट येतील."

पत्नी काही क्षण गप्प होती. आमच्याकडे जावळाचा दिवस ठरला होता. मामाच्या मांडीवर बसवून काढायचं, निपाणीहून मामा यायचा होता. त्याआधीच तिचे केस गेले आणि काढायला जावळच उरलं नाही. आम्ही तो कार्यक्रम रद्द केला आणि घरात त्याचा विषय कोणी काढत नाही. तुमच्या माणसाला हे माहीत असायचं कारण नाही, मान्य. पण आईने आजाराचं नाव सांगितल्यावर तरी हसू थांबायला हवं होतं. पत्नीने नाव सांगितलं, दोनदा सांगितलं, अक्षरं फोडून सांगितलं. त्यावर उत्तर आलं, "फॉर्म्युला कॉन्फिडेन्शियल असतो मॅडम. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा." डॉक्टरांनीच विचारायला सांगितलंय, हे आम्ही पाच फोनांत पाचव्यांदा सांगितलं. तेव्हा ती म्हणाली की झालेल्या गैरसोयीबद्दल तुमच्या मोबाइलवर पुढच्या शांपू खरेदीसाठी वीस टक्के सवलतीचा कोड येईल. तो आला आहे. तीन वाजून सदतीस मिनिटांनी.

मला त्या मुलीची नोकरी घालवायची नाही. तिच्यापुढे जो कागद ठेवला असेल तो तिने वाचला. तो कागद कुणी लिहिला आणि एवढा साधा प्रश्न वरच्या माणसाकडे पाठवायची सोय का नाही, हे मी तुम्हाला विचारतो आहे. दुसऱ्या फोनवर "24 तासांत आमचे तज्ज्ञ फोन करतील" असं सांगितलं होतं. त्याला सोळा दिवस झाले.

तुम्ही म्हणाल, ही गोळी आम्ही लहान बाळांसाठी विकतच नाही. खरं आहे, नव्या डबीवर तसं छापलंही आहे. पण जुन्या गोळीत एकच घटक होता आणि डबीवर आकडा स्पष्ट होता, म्हणून डॉक्टर तिच्यावर विश्वास ठेवून लिहून देत होते. त्या विश्वासावर तुमच्या किती डब्या गेल्या असतील, ते तुमचा विक्री विभाग जाणतो. घटक बदलायचे तर बदला, तो तुमचा हक्क आहे. नाव आणि डबी तीच ठेवून, दुकानदारांना आणि डॉक्टरांना एका ओळीनेही न कळवता बदलायचे, हा हक्क कुणी दिला?

आणखी एक गोष्ट या निमित्ताने लिहितो, कारण पुन्हा लिहायची ताकद राहील असं वाटत नाही. एवढ्या प्रमाणात बायोटिन घेणाऱ्याच्या रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात. थायरॉइडचे आकडे खोटे दिसतात, हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ती ट्रोपोनिनची तपासणीसुद्धा खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये तसा इशारा दिला होता. आमच्या मुलीच्या थायरॉइडचा अहवाल असाच घाबरवणारा आला होता. डॉक्टरांनी लॅबला बायोटिनबद्दल कळवून दुसऱ्या पद्धतीने तपासणी करून घेतली, तेव्हा तो बरोबर निघाला. तुमची 10 मिलिग्रॅमची गोळी कितीतरी मोठी माणसं केसांसाठी घेतात. जुन्या डबीवर याबद्दल एक शब्द नव्हता, नव्या डबीवरही नाही. स्ट्रॉबेरीचं चित्र मात्र दोन बाजूंना आहे.

डॉक्टरांनी आता दुसऱ्या कंपनीची 5 मिलिग्रॅमची साधी गोळी सुरू केली आहे, रोज दोन. आमचं भागलं. पण पुण्याच्या त्या घरात आता त्यांचा साठा संपत आला आहे, आणि तुमची नारिंगी डबी बघून न वाचता उचलणारे आणखी आईबाप असतील. रोज सकाळी साडेसहाला कोण मागचा मजकूर भिंगाने वाचतो?

मला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत. नव्या गोळीतलं बायोटिन मोकळं आहे की नाही आणि किती आहे, गुणवत्ता नियंत्रण विभागाच्या सहीने. जुनी गोळी बंद झाली असेल तर ती कोणत्या बॅचपर्यंत होती. घटक बदलल्याची सूचना औषध विक्रेत्यांना आणि डॉक्टरांना कधी देणार, याची तारीख. आणि माझ्या पत्नीची माफी, पत्रावर, सवलतीच्या कोडशिवाय. उरलेल्या पाच डब्या न उघडता माझ्याकडे आहेत, त्या परत न्या. पैसे परत दिलेत तर घेईन, पण पत्र त्यासाठी नाही.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस मी थांबेन. नंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करेन, अन्न व औषध प्रशासनाच्या कोल्हापूर कार्यालयात दोन्ही डब्या शेजारी शेजारी ठेवेन आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाईन. वकील लागला तर लावेन. मुलीच्या श्रवणयंत्रासाठी तशाही कोल्हापूरच्या फेऱ्या चालूच आहेत, त्यात एक फेरी वाढेल.

माझी आई वीस वर्षं तुमच्या कंपनीचा बाम वापरते. मुंबईच्या वॉर्डात आम्हाला ही नारिंगी डबी पहिल्यांदा मिळाली, तेव्हा तिने कंपनीचं नाव वाचून "आपल्या माहितीची आहे, बरं झालं" असं म्हटलं होतं. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

जुन्या आणि नव्या डबीचे फोटो, दोन्हींची बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि पाचही फोनांच्या वेळा सोबत जोडल्या आहेत. उत्तर पत्रानेच द्या. फोन करू नका, बायको आता अनोळखी नंबर उचलत नाही.

आपला ग्राहक,
गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर