आईच्या खुब्यातला गुलाबी बॉल

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, आईच्या खुबा बदलायच्या ऑपरेशनबद्दल बोलताना "सिरॅमिकचा बॉल कपबशीसारखा फुटला तर काय?" असं परवा विचारलंत. फोनवर हे नीट सांगून झालं नसतं.

मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाच्या जागी हा बॉल बसतो. अल्युमिनाची (म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची) अगदी बारीक भुकटी दाबून, भट्टीत भाजून, हिऱ्याच्या पावडरीने घासून तो करतात. 1970 साली फ्रान्समध्ये पिअर बुतँ यांनी तो खुब्यात पहिल्यांदा बसवला. तेव्हाचे बॉल फुटायचे, हे खरं. आताच्या बॉलमध्ये सुमारे 17 टक्के झिर्कोनिया (हेही एक सिरॅमिकच) असतो. तडा जाऊ लागला की तिथले झिर्कोनियाचे कण फुगतात आणि तडा दाबून धरतात. जरासं क्रोमियम असतं, म्हणून रंग गुलाबी. असा बॉल फुटण्याचं प्रमाण दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. (निव्वळ झिर्कोनियाचे बॉल 2001 मध्ये परत मागवले होते. भट्टी बदलल्यावर काही बॅचेस पटापट फुटू लागल्या होत्या.)

बॉल जवळजवळ झिजतच नाही. झिजतं ते कपातलं, म्हणजे खुब्याच्या खोबणीत बसवलेल्या वाटीतलं, प्लास्टिकचं लायनर (अस्तर). जुनं प्लास्टिक वर्षाला 0.1 मिमीच्या आसपास झिजायचं, त्याच्या कणांमुळे भोवतालचं हाड विरघळायचं आणि कप सैल व्हायचा. हल्लीचं क्रॉस-लिंक्ड (रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेलं) प्लास्टिक त्याहून खूपच कमी झिजतं. म्हणून आईसाठी 32 किंवा 36 मिमी व्यासाचा सिरॅमिक बॉल आणि क्रॉस-लिंक्ड लायनर पुरे, असं माझं मत. लायनरही सिरॅमिकचं घेतलं तर झीज आणखी घटते, पण कप जरा तिरका बसला तर कडेवर भार येऊन लायनरचा टवका उडतो, कधी चालताना करकर आवाज येतो. अडुसष्टाव्या वर्षी ती जोखीम कशाला?

बॉल फुटण्याचं बीज पुष्कळदा ऑपरेशनच्या टेबलावरच पडतं. बॉल ज्यावर बसतो त्या स्टेमच्या (मांडीच्या हाडात बसवलेल्या धातूच्या दांडीच्या) मानेवर रक्त, चरबी किंवा हाडाचा कण राहिला की बॉलवर एकाच जागी ताण येतो. मान पुसून कोरडी करायची, बॉल हाताने फिरवत बसवायचा, मग प्लास्टिकच्या टोकाच्या ठोकणीने ठोकायचा. बॉल आणि स्टेम एकाच कंपनीचे हवेत. दोन्हींवर मानेच्या निमुळत्या टोकाचं 12/14 हे माप लिहिलेलं असलं तरी दोन कंपन्यांचे कोन तंतोतंत जुळतीलच असं नाही. बाबा, हे डॉक्टरांना बेधडक विचारा.

चुकून कधी बॉल फुटलाच, तर बदलताना धातूचा बसवू द्यायचा नाही. राहिलेल्या कणांनी तो खरवडला जातो, कोबाल्ट रक्तात उतरतं, हृदय, डोळे, कान बिघडतात. पुन्हा सिरॅमिकच, आणि जुनी मान ओरखडली असेल तर बॉलच्या आत टायटॅनियमची बाही (मानेवर चढणारं नळकांडं).

आई, फुटण्यापेक्षा सांधा निखळण्याची भीती जास्त, आणि ती पहिल्या काही महिन्यांत. डॉक्टर सांगेपर्यंत मांडी घालून बसायचं नाही, पाटावर नाही, देवघरासमोरही नाही. पूजा खुर्चीवर बसून कर. जोतिबाच्या पायऱ्या नंतर, रंकाळ्यावरचं सावकाश चालणं मात्र डॉक्टर म्हणतील तेव्हापासून रोज. घरातला कमोड उंच करून घ्या.

इम्प्लांटच्या डब्यांवरचे स्टिकर फाइलमध्ये लावलेले असतात. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. डिस्चार्जच्या दिवशी बाबांनी त्यांचा फोटो काढून मला पाठवायचा. आणि आईची ती दुखरी दाढ ऑपरेशनआधी दाखवून घ्या, तिथला जंतुसंसर्ग रक्तातून नव्या सांध्यात जाऊ शकतो.

तुमची,
लेक